स्क्रीन रीडरसह मोबाइल रेकॉर्डिंग: नको तो आवाज कुठून शिरतो आणि कसा काढायचा

स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, वापरून मोबाइलवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात. पहिली अशी की आपला आवाज रेकॉर्ड होत असताना टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) मध्येच ‘पॉज, बटन’ म्हणतो आणि तेही फाइलमध्ये येतं. दुसरी नेमकी उलटी. कुणाला एखादं ॲप कसं वापरायचं हे शिकवणारा ऑडिओ बनवायचा असतो, म्हणजे व्हॉइसओव्हरचाच (आयफोनच्या स्क्रीन रीडरचा) आवाज हवा असतो. पण फोन कॉम्प्युटरला जोडला की मागे घूंऽऽ सुरू होतं आणि थांबतच नाही.

दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, सुरुवात मात्र एकच. आवाज हवेतून आला, तारेतून आला की फोनच्या आतूनच आला, ते आधी शोधायचं. हे न करता लोक थेट महागडा माइक मागवतात आणि तीच घरघर जास्त स्वच्छ ऐकू येऊ लागते.

आधी कानाने ओळखा

रेकॉर्डिंग सुरू करा आणि वीस सेकंद गप्प बसा. फोनला हात लावू नका. मग आणखी वीस सेकंद स्क्रीनवर बोट फिरवा, दोनचार वेळा डावी-उजवीकडे स्वाइप करा. आता हेडफोन लावून आवाज मोठा करून हे ऐका.

अखंड, जाड घूंऽऽ ऐकू येत असेल तर ती विजेची गुणगुण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा आवाज ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर बसतो. तो बहुतेक वेळा तारेतून येतो. बारीक चिर्र आवाज असेल आणि स्वाइप करताना तो बदलत असेल, तर तो फोनच्या प्रोसेसरचा किंवा चार्जरचा. पावसासारखी एकसारखी सूंऽऽ म्हणजे आवाजाची पातळी कुठेतरी कमी ठेवून पुढे ताणून मोठी केली आहे. टक, धप्प असे सुटे आवाज बोटांचे आणि कंपनांचे. टिट्-टिट्-टिट् करत येणारी टर्र ही मोबाइलच्या टू-जी रेडिओची. तो रेडिओ सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होतो आणि तेवढ्याच हर्ट्झचा आवाज जवळच्या तारेत उमटतो. खूप मागे, पुसटसा स्क्रीन रीडर बोलताना ऐकू आला तर ती गळती, आणि ती कानातल्या इअरफोनमधूनच होते असं नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा वीस सेकंद रेकॉर्ड करा. चार्जर काढला, फ्लाइट मोड लावला आणि केबलही बदलली, तर दोष नेमका कुणाचा होता ते कळत नाही.

फोनवरच आपला आवाज रेकॉर्ड करताना

फोनचा स्पीकर चालू असेल तर स्क्रीन रीडर रेकॉर्ड होणारच. माइक आणि स्पीकर बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला, चार्जिंगच्या छिद्राजवळ शेजारीशेजारी असतात. म्हणून इअरफोन हवाच. पण कोणता, इथे नवखे फसतात.

वायरच्या इअरफोनची पिन बोटात धरून नखाने टोकापासून मुळाकडे खरवडत न्या. वाटेत अडथळ्यासारखे बारीक पट्टे लागतात. दोन पट्टे लागले तर पिन तीन भागांची, म्हणजे डावा कान, उजवा कान आणि ग्राउंड (परतीची सामायिक तार). तीन पट्टे लागले तर ती चार भागांची, म्हणजे त्यात माइकही आहे. चार भागांची पिन घातली की फोन स्वतःचा माइक बंद करून इअरफोनच्या वायरवरचा माइक वापरतो. तो शर्टाला घासतो, हनुवटीखाली लोंबकळतो आणि सरसर रेकॉर्ड होते. फोनचा चांगला माइक वापरायचा असेल तर तीन भागांच्या पिनचा, माइक नसलेला साधा इअरफोन घ्या. स्क्रीन रीडर त्यात ऐकू येईल आणि रेकॉर्डिंग फोनच्याच माइकने होईल.

कॉलर माइक लावणाऱ्यांची अडचण वेगळी. फोनसाठीच्या वायरच्या कॉलर माइकला चार भागांची पिन असते. ती घातली की फोनला वाटतं हेडफोन जोडला. तो स्पीकर बंद करून सगळा आवाज त्या पिनकडे पाठवतो, आणि तिथे ऐकायला काहीच नसतं. स्क्रीन रीडर एकदम मुका होतो. फोन बिघडलेला नसतो. पिन काढली की बोलू लागतो. काही वायरलेस माइकचे टाइप-सी रिसीव्हरही असंच करतात. उपाय म्हणजे एका चार भागांच्या पिनमधून माइक आणि हेडफोन अशी दोन वेगळी भोकं देणारा स्प्लिटर. एकात माइक, दुसऱ्यात इअरफोन. कॅमेऱ्यासाठीचा कॉलर माइक तीन भागांच्या पिनचा असतो. तो थेट फोनमध्ये चालत नाही, स्प्लिटरमधून चालतो.

पुसट गळती होते ती याच स्प्लिटरमध्ये. माइक आणि हेडफोन यांचा ग्राउंड एकाच बारीक तारेतून जातो, त्यामुळे हेडफोनमधला मोठा आवाज थोडासा माइकच्या बाजूला सरकतो. कान इअरफोनने गच्च बंद केले तरी तो जात नाही, म्हणून लोक चक्रावतात. स्क्रीन रीडरचा आवाज जेमतेम कळेल इतका कमी करा, स्प्लिटर लांब लोंबत्या वायरचा न घेता आखूड घ्या. तरीही गळती राहिली तर यूएसबी माइककडे वळा, त्यात ही भानगड नसते.

ब्लूटूथ इअरफोन या कामाला घेऊ नका. रेकॉर्डरने ब्लूटूथचा माइक मागितला की इअरफोन गाण्याच्या मोडमधून फोन-कॉलच्या मोडमध्ये जातो. तिथे आवाजाचे नमुने बहुतेक वेळा सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजारच घेतले जातात, म्हणून आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ‘फोनचा माइक’ निवडायची सोय असेल तर हे टळतं, पण स्क्रीन रीडर थोडा उशिरा ऐकू येण्याची अडचण उरतेच.

आता बोटांचे आवाज. काचेवर पडलेली टिचकी फोनच्या अंगातून थेट माइकपर्यंत जाते, हवेतून जाण्याचीही गरज पडत नाही. फोन हातात न धरता चार घड्या घातलेल्या टॉवेलवर ठेवा, माइकची कड टॉवेलच्या बाहेर राहील असा. तोंडापासून अंतर १५ ते २० सेंटिमीटर, आणि माइक थेट तोंडासमोर न ठेवता किंचित बाजूला, म्हणजे प, फ, भ वर फुंकर बसत नाही. कंपनं बंद करा: टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये साउंड अँड व्हायब्रेशन या भागात कंपन आणि ध्वनी दोन्ही बंद होतात, व्हॉइसओव्हरमध्ये साउंड्स अँड हॅप्टिक्समध्ये. कीबोर्डचं कंपन वेगळं असतं, तेही बंद करायला विसरू नका.

रेकॉर्डिंगची सुरुवात आणि शेवट हा खरा कटकटीचा भाग आहे. आयफोनवर व्हॉइस मेमोज ॲपमध्ये दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की रेकॉर्डिंग सुरू होतं आणि तसंच थांबतंही. बटन शोधत बोट फिरवावं लागत नाही. अँड्रॉइडवर टॉकबॅकचा फोकस, म्हणजे तो आत्ता जिथे आहे ती जागा, आधीच रेकॉर्ड बटनावर नेऊन ठेवा. मग स्क्रीनवर कुठेही दोनदा टॅप केलं तरी तेच बटन दाबलं जातं, तेव्हा माइकपासून लांबच्या, वरच्या कोपऱ्यात हलकं टॅप करा. फोकस तिथून हलवू नका, थांबवताना तोच कामी येतो. पुष्कळ रेकॉर्डरमध्ये सुरू आणि थांबा यांचं बटन एकच असतं. तुमच्या ॲपमध्ये तसं आहे का ते आधी तपासा.

पूर्ण क्रम असा ठेवा:

१. फ्लाइट मोड लावा. कॉल, सूचना आणि रेडिओची टर्र तिन्ही जातात. स्क्रीन रीडरचा आवाज इंटरनेटवरून येणारा नसून फोनवर उतरवलेला आहे याची आधी खात्री करा. अलार्म फ्लाइट मोडमध्येही वाजतो, तो हाताने बंद करावा लागतो.

२. तीन भागांच्या पिनचा इअरफोन लावा. पिन शेवटपर्यंत बसली का बघा. जाड कव्हरमुळे ती अर्धा मिलिमीटर बाहेर राहते आणि मग घरघर येते किंवा फोन मधूनच असिस्टंट उघडतो.

३. रेकॉर्डिंग सुरू करा. स्क्रीन रीडरला जे बोलायचं ते बोलून होऊ द्या.

४. आयफोनवर तीन बोटांनी दोनदा टॅप करून व्हॉइसओव्हरचं बोलणं बंद करा. झूम चालू असेल तर दोनऐवजी तीनदा टॅप करावं लागतं. अँड्रॉइडवर, तुम्ही शॉर्टकट चालू केलेला असेल तर, आवाजाच्या दोन्ही कळा काही सेकंद दाबून टॉकबॅकच बंद करता येतो. परत चालू होतो का हे मात्र रेकॉर्डिंगच्या आधी दोनदा करून बघा, ऐनवेळी नको.

५. पाच सेकंद पूर्ण शांत राहा. ही शांतता नंतर साफसफाईला लागते.

६. बोला. संपल्यावर पुन्हा दोन सेकंद थांबा, स्क्रीन रीडरचं बोलणं चालू करा आणि मग रेकॉर्डिंग थांबवा.

सुरुवातीचा ‘रेकॉर्डिंग सुरू’ आणि शेवटचा टॅप नंतर कापून टाकायचा. तो मुळीच येऊ नये म्हणून झटण्यात अर्थ नाही, पाच सेकंदांचं अंतर राखलं की कापणं सोपं जातं.

तानपुरा किंवा ट्रॅक लावून गाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. स्क्रीन रीडर बोलू लागला की तो बाकीचा आवाज खाली दाबतो आणि बोलणं संपलं की परत वर आणतो. या सोयीला ऑडिओ डकिंग म्हणतात. रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा मध्येच बुडाल्यासारखा वाटतो तो यामुळे. दोन्ही स्क्रीन रीडरमध्ये ती बंद करता येते.

खोलीबद्दल फार लिहायला नको. पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत, जुनी चोकवाली ट्यूबलाइट असेल तर तीही बंद, आणि कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यावर बसा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करत असाल तर सावध राहा. स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, पंखे-ट्यूब जास्त गुणगुणतात आणि चार्जरवरचा फोनही.

शांततेत सूंऽऽ वाढत जाते आणि बोलायला लागलं की एकदम दबते, असं होत असेल तर तो रेकॉर्डरचा ऑटोमॅटिक गेन. तुम्ही गप्प बसलात की तो माइक वाढवत नेतो. तो बंद करता येईल असं ॲप निवडा. अँड्रॉइड ७ पासून ॲपना माइकचा प्रक्रिया न केलेला आवाज मागता येतो, आणि काही रेकॉर्डर ही निवड सेटिंगमध्ये देतात.

फोनचा स्क्रीन रीडर कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना

फोनच्या हेडफोनच्या भोकातून केबल काढून लॅपटॉपच्या भोकात घालायची, हा सगळ्यांच्या मनात येणारा पहिला मार्ग. आणि तोच सर्वांत वाईट. आजच्या बहुतेक लॅपटॉपना एकच सामायिक भोक असतं. त्यात तीन भागांची केबल घातली तर लॅपटॉपला वाटतं हेडफोन जोडला, रेकॉर्ड काहीच होत नाही. चार भागांची घातली तर दोन हेडफोन आउटपुट एकमेकांवर आदळतात. वेगळं माइकचं भोक असलेल्या जुन्या लॅपटॉपवर आवाज येतो, पण फाटका. माइककडून काही मिलिव्होल्ट येतील अशी त्या भोकाची अपेक्षा, आणि फोनचा हेडफोन आउटपुट तर जवळजवळ एक व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. फोनचा आवाज अगदी कमी केला तर फाटणं थांबतं, पण मग सूंऽऽ वर येते, कारण ते भोक आलेल्या आवाजाला खूप मोठं करतं.

लाइन-इन (माइकचा नव्हे, दुसऱ्या यंत्राचा मोठा आवाज घेणारं इनपुट) असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. बेहरिंगरच्या यूसीए २२२सारख्या छोट्या कार्डाला दोन आरसीए (गोल पिनांचे) इनपुट असतात. फोनकडे तीन भागांची ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसरीकडे दोन आरसीए अशी केबल लागते. केबल एक ते दीड मीटरच ठेवा. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर ॲडॉप्टर लागेल. टाइप-सीचे ॲडॉप्टर दोन प्रकारचे असतात. काहींमध्ये आवाज तयार करणारी चिप (डॅक) असते, काहींमध्ये नुसत्या तारा. नुसत्या तारांचा ॲडॉप्टर पुष्कळ फोनवर चालतच नाही, म्हणून दुकानात ‘डॅकवाला’ असं सांगूनच घ्या.

पातळी लावताना फोनचा आवाज ७० ते ८० टक्के ठेवा आणि कॉम्प्युटरकडची पातळी कमी करून जुळवा. उलटं करू नका. आवाजाची शिखरं, म्हणजे सर्वांत मोठे क्षण, उणे १२ डेसिबलच्या आसपास असली की पुरे. स्क्रीन न बघता हे मोजण्याची एक सोपी युक्ती ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे: दहा सेकंद रेकॉर्ड करा, सगळं निवडा आणि इफेक्टमधून ॲम्प्लिफाय उघडा. खिडकीत आपोआप भरलेला आकडा म्हणजे तुमचं सर्वांत मोठं शिखर कमाल पातळीपासून किती डेसिबल खाली आहे ते. १२ ऐकू आला तर बरोबर, २ ऐकू आला तर आवाज फाटण्याच्या बेतात, ३० ऐकू आला तर फारच कमी. आकडा ऐकून एस्केप दाबा. याच पद्धतीने फक्त शांततेचे दोन सेकंद निवडून गोंगाटाची पातळीही मोजता येते. तिथे आकडा जितका मोठा तितकं चांगलं, ४० च्या खाली असेल तर केबलकडे वळा. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ओसारा या त्याच्या स्क्रीन रीडरसाठीच्या जोडणीतला पीक वॉचर हेच काम चालू रेकॉर्डिंगमध्ये करून देतो.

गुणगुण आलीच, तर आधी फोनचा चार्जर काढा. दहापैकी बहुतेक वेळा ती तिथेच थांबते. कारण असं: फोन चार्जरमधून विजेच्या लाइनला जोडलेला, लॅपटॉप त्याच्या ॲडॉप्टरमधून त्याच लाइनला, आणि दोघांमध्ये ऑडिओ केबलचा ग्राउंड. एक बंद वर्तुळ तयार होतं आणि त्यातून वाहणारा बारीक प्रवाह केबलमध्ये घूंऽऽ बनून ऐकू येतो. फोन लॅपटॉपच्याच यूएसबीवर चार्ज होत असेल तरी वर्तुळ पूर्ण होतं, फक्त गुणगुणीऐवजी चिर्र जास्त येते. फोन आधी पूर्ण चार्ज करून बॅटरीवर चालवा. लांबलचक काम असेल तर पॉवर बँक लावा, तो लाइनला जोडलेला नसल्याने वर्तुळ होत नाही. मात्र तो त्याच वेळी भिंतीवर चार्ज होत नसावा. लॅपटॉपही तात्पुरता बॅटरीवर घेऊन बघा.

एवढं करूनही राहिली तर ऑडिओ केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज पलीकडे जातो, ग्राउंड तुटतो. स्वस्त आयसोलेटर खर्ज थोडा पातळ करतात, बोलण्याला त्याने काही बिघडत नाही. तो लॅपटॉपच्या ॲडॉप्टरपासून लांब ठेवा, नाहीतर स्वतःच गुणगुण पकडतो. लॅपटॉपच्या तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. गुणगुण जाईल, पण शॉकपासूनचं संरक्षणही जाईल.

आणखी एक त्रास फक्त स्क्रीन रीडरवाल्यांनाच होतो. टॉकबॅक बोलू लागला की आधी बारीक टक, मग सूंऽऽ, मग बोलणं. बोलणं संपल्यावर सेकंदा-दोन सेकंदांनी पुन्हा टक आणि निखळ शांतता. गाणं ऐकणाऱ्याला हे जाणवत नाही कारण गाणं अखंड चालू असतं. फोन बॅटरी वाचवायला आवाजाचा भाग मध्येमध्ये झोपवतो आणि प्रत्येक वाक्याला उठवतो. कधीकधी पहिलं अक्षरही खातो, ‘बटन’चं ‘टन’ होतं. यावर उपाय म्हणजे त्याला झोपू न देणं. अर्ध्या तासाची पूर्ण निःशब्द फाइल बनवा (ऑडॅसिटीत जनरेटमधून सायलेन्स) आणि फोनच्या प्लेअरमध्ये पुन्हा पुन्हा वाजत ठेवा. सूंऽऽ जाणार नाही, पण एकसारखी होईल, आणि एकसारखी सूं कानाला टोचत नाही, शिवाय नंतर साफही करता येते.

कॉम्प्युटरवरचा स्क्रीन रीडरही रेकॉर्डिंगमध्ये घुसतो. एनव्हीडीए (विंडोजचा एक स्क्रीन रीडर) ऐकू येत असेल तर दोन गोष्टी तपासा. रेकॉर्डिंगचं साधन म्हणून स्टीरिओ मिक्स किंवा लूपबॅक निवडलं गेलं आहे का? ते कॉम्प्युटरचा सगळा आवाज घेतं. त्याऐवजी यूएसबी कार्डाचा लाइन-इन निवडा. आणि एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा हेडफोन ठेवा, यूएसबी कार्ड नको. ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ (इनपुटचा आवाज स्पीकरवर ऐकवणारी सोय) चालू असेल तर बंद करा, आणि विंडोजच्या इनपुटवरची ऑडिओ एन्हान्समेंटही.

तार टाळता येते का?

मॅक असेल तर आयफोनसाठी सर्वांत स्वच्छ मार्ग क्विकटाइम प्लेअर. फोन चार्जिंगच्या केबलने जोडा, न्यू मूव्ही रेकॉर्डिंग घ्या, कॅमेरा आणि मायक्रोफोन दोन्ही ठिकाणी आयफोन निवडा. आवाज डिजिटल येतो, ग्राउंडचा प्रश्नच उरत नाही. फोनमधला आवाज मॅककडे जातो, म्हणून ऐकण्यासाठी मॅकला हेडफोन लावा.

अँड्रॉइडवर पुष्कळांचा पहिला प्रयत्न फोनच्याच स्क्रीन रेकॉर्डरचा असतो. ‘डिव्हाइस ऑडिओ’ निवडूनही टॉकबॅकच गायब असतो. अँड्रॉइड १० पासून ॲपना आतला आवाज रेकॉर्ड करायची परवानगी मिळाली, पण ती मीडिया आणि गेम अशा ठरावीक प्रकारांपुरती. टॉकबॅकचा आवाज ॲक्सेसिबिलिटी या वेगळ्या प्रकारात मोडतो, त्यामुळे तो त्या दारातून येत नाही. ‘मायक्रोफोन’ निवडला तर येतो, पण स्पीकरमधून निघून खोलीतून फिरून. म्हणून चांगल्या दर्जाचं शिकवणीचं रेकॉर्डिंग हवं असेल तर केबल आणि लाइन-इन हाच भरवशाचा रस्ता.

उरलेली साफसफाई

सॉफ्टवेअरने काढता येतो तो एकसारखा आवाज. मध्येच बोललेला स्क्रीन रीडर तुमच्या आवाजावर चढला असेल तर तो निघत नाही. ते वाक्य पुन्हा म्हणा. आधी नको असलेले तुकडे कापा. मग ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे जाड आवाज कापणारा) लावा. हाताळणीची धप्प आणि ५० हर्ट्झची मुळं बरीचशी जातात. त्यानंतर राखून ठेवलेल्या पाच शांत सेकंदांपैकी दोन निवडून नॉइज रिडक्शनमध्ये नॉइज प्रोफाइल (गोंगाटाचा नमुना) घ्या, सगळं निवडा आणि ६ ते १२ डेसिबल एवढंच कमी करा. २० च्या पुढे गेलात की शब्दांच्या शेवटी पाण्यातून बोलल्यासारखे बुडबुडे येतात, आणि मराठीत स, श, ष आणि ह सगळ्यांत आधी खराब होतात. आवाज मोठा करायचा असेल तर तो या सगळ्यानंतर करा. आधी केलात तर गोंगाटही तेवढाच मोठा होऊन बसतो.